दुपारची वीज स्वस्त, मग बिल का उतरत नाही?

ऐरोली, कोपरखैरणे, ठाणे येथील सोसायटी ग्राहकांसाठी

गच्चीवर पॅनल बसवायची चौकशी करणारे सेक्रेटरी हमखास विचारतात: एवढी सोलर वीज तयार होते, साताऱ्यात पवनचक्क्या फिरतात, मग आमचं बिल का कमी होत नाही? प्रश्न रास्त आहे.

ऊन-वाऱ्याला इंधनखर्च नाही, म्हणून ही वीज आधी घेतली जाते आणि कोळशाचे महागडे संच मागे ढकलले जातात. त्यामुळे वीज बाजारातला दर भर दुपारी उतरतो. दिवेलागणीला सोलर शून्यावर येते, घरोघरी एसी सुरू होतात, आणि हाच दर कधीकधी 10 रुपये प्रति युनिटच्या कमाल मर्यादेला भिडतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर वारा जोर धरतो तो पावसाळ्यात, नेमकं ढगांनी सोलर मंदावलेलं असताना. जोडी चांगली जमते, पण ऑक्टोबरच्या उकाड्यातल्या संध्याकाळी दोघंही गैरहजर!

शिवाय महावितरण बरीचशी वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी घेतं. दुपारी कोळशाचा संच कमी चालला तरी त्याचा स्थिर खर्च (संच चालो न चालो, द्यावाच लागणारा) चुकत नाही. तुमच्या बिलात वीज आकारासोबत स्थिर आकार, वहन आकार (वीज तारांतून पोचवण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या बदलत्या खर्चाचं) आणि घरगुती ग्राहकांना 16% वीज शुल्कही असतं. बाजारातली दुपारची स्वस्ताई इथवर पोचेपर्यंत बरीच झिजते.

तुमच्या हातात आहे ती वेळ. स्मार्ट मीटरवर घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. तुमच्या बिलात ती दिसते का, पाहा. 7.5 एचपीचा पंप तासाला साधारण 6 युनिट खातो. बऱ्याच सोसायट्यांत वॉचमन तो पहाटे आणि संध्याकाळी सातला लावतो, केवळ सवय म्हणून. खालच्या टाकीत पाणी असेल तर अकराला लावा. यासाठी आमच्याकडून काही विकत घ्यावं लागत नाही.

पॅनल बसवायचेच असतील, तर पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला 78,000 रुपये आणि सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. ‘बिल शून्य करून देतो’ म्हणणाऱ्याकडून मात्र तसं लेखी घ्या. नेट मीटरवर (तुम्ही ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार राहतोच.

भेटीला येताना सामायिक मीटरची वर्षभराची बिलं आणा. दुपारी चारला शेजारच्या टॉवरची सावली गच्चीवर कुठवर येते, त्याचा फोटोही आणा. पॅनल किती बसतील ते बऱ्याचदा त्यावरच ठरतं.