सामाजिक-भावनिक कौशल्यशिक्षण (प्राथमिक स्तर)

पहिली ते पाचवीच्या मुलांना स्वतःच्या भावना ओळखणे, त्या आवरणे, दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे, मैत्री टिकवणे आणि भांडण बोलून मिटवणे या गोष्टी योजनापूर्वक व सरावातून शिकवण्याची पद्धती. पुण्यातील मराठी शाळांत हे काम मुख्यतः परिपाठ आणि मूल्यशिक्षणाच्या तासाला होते.

उगमाबाबत मतभेद आहेत. एका मतानुसार या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे येल विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी 1968मध्ये न्यू हेवनच्या दोन शाळांत प्रयोग सुरू केला. पुढे 1994मध्ये याच विषयाला वाहिलेली ‘कासेल’ ही अमेरिकी संस्था निघाली आणि आत्मभान, आत्मनियमन, सामाजिक भान, नातेसंबंध व जबाबदार निर्णय ही पाच क्षेत्रे रूढ झाली. दुसरे मत जागतिक आरोग्य संघटनेने 1990च्या दशकात मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांकडे बोट दाखवते. तिसरे मत याला देशी मूल्यशिक्षणाचेच नवे रूप मानते. महाराष्ट्राच्या मूल्यशिक्षणातील दहा मूल्यांत राष्ट्रभक्ती, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा यांच्या जोडीला संवेदनशीलता आणि सौजन्यशीलताही आहेत, हा या मताचा आधार. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही मूल्य सांगणे आणि कौशल्य अंगवळणी पाडणे यांत फरक करावा लागतो. बोधकथा ऐकून मुलाला रागावू नये हे कळते. राग आल्यावर काय करायचे, हे त्या कथेत बहुधा नसते. पुण्यातील प्रत्यक्ष वर्गकामाचा विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. येथे शिक्षकांच्या तोंडी ‘जीवनकौशल्ये’ हाच शब्द अधिक असतो.

वर्गातील रीत साधी आहे. मुले गोल बसतात. एक चेंडू हातोहात फिरतो. चेंडू ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. तिसरीच्या वर्गात विषय असतो कट्टीचा. ‘तिने माझा खोडरबर न विचारता घेतला’ ही तक्रार आली की बाई निवाडा देत नाहीत. ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ असे विचारतात. पहिले उत्तर बहुधा ‘राग आला’ असेच येते. आणखी विचारल्यावर रुसवा, हिरमोड, भीती, लाज अशा छटा निघतात. मग दुसरी बाजू बोलते, आणि बट्टी कशी करायची ते दोघींनी ठरवायचे. घाई करून ‘सॉरी म्हण’ असे बजावल्यास हा सारा सराव वाया जातो, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

परिणामांविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास जोसेफ डर्लॅक व सहकाऱ्यांचा (2011) आहे. त्यात 213 शालेय उपक्रमांतील सुमारे 2 लाख 70 हजार विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली होती. सहभागी मुलांची शैक्षणिक कामगिरी सरासरी 11 पर्सेंटाइलने (म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे 11 स्थानांनी) वर गेलेली आढळली. उपक्रम क्रमबद्ध, कृतियुक्त, पुरेसा वेळ देणारा आणि नेमके कौशल्य डोळ्यांपुढे ठेवणारा असेल तर फळ चांगले मिळते, आणि वर्गशिक्षकही तो यशस्वीपणे राबवू शकतात, असाही निष्कर्ष निघाला. भारतीय वर्गांना हे आकडे जसेच्या तसे लावणे मात्र धाडसाचे ठरेल. पन्नास मुलांचा गोल वर्गात मावत नाही. तेथे जोडीचर्चा सोयीची पडते.

पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम 2009मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झाला. तो पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांत विस्तारला. जोडीने व गटाने काम हा त्याचा कणा आहे. त्याआधीपासून पुण्यातील गरवारे बालभवन या मुलांच्या खेळकेंद्रात खेळांतून, तर अक्षरनंदन (1992) या प्रयोगशील शाळेत अनुभवाधारित शिक्षणातून, याच्या जवळ जाणारे काम चालत आले आहे.

मूल्यमापन हा कच्चा दुवा आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय झाली, परंतु ‘मित्रांशी मिळून-मिसळून वागतो’ हे एकच वाक्य अनेक मुलांपुढे लिहिले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020मधील समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या नोंदींबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापनही अपेक्षित आहे.