जठरशोथ

जठराच्या आतल्या अस्तराचा दाह म्हणजे जठरशोथ. डॉक्टरांच्या तोंडी गॅस्ट्रायटिस. रोजच्या बोलण्यात आपण 'पित्त झालं' किंवा 'अ‍ॅसिडिटी झाली' म्हणतो आणि त्या एका शब्दात पोटाची सगळी दुखणी कोंबतो. पण जठरशोथ हा मुळात आम्ल वाढल्याचा रोग नाही. पुष्कळ रुग्णांत आम्ल नेहमीइतकेच असते, काहींत तर नेहमीपेक्षा कमी. बिघडलेले असते ते आम्लापासून वाचवणारे अस्तर. हे लक्षात आले नाही, की माणूस वर्षानुवर्षे आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहतो आणि मूळ कारण आत तसेच राहते.

जठर दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर रस स्रवते. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे प्रथिने पचवणारे द्रव्य मांस सहज पचवतात. मग ते जठरालाच का पचवत नाहीत? कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा एक थर असतो. तो मिलिमीटरभरही जाड नसतो, पण अस्तरातून पाझरणारे, आम्ल निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट त्यात अडकून राहते. त्यामुळे थराच्या वर तीव्र आम्ल आणि खाली पेशींपाशी जवळजवळ उदासीन द्रव, अशी स्थिती टिकते. त्याखालच्या पेशीही दर काही दिवसांनी झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा या तिन्हींचा तोल प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सांभाळतात.

हे कवच मोडणारे सर्वांत मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्री आकाराचा जीवाणू. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, भोवतीचे आम्ल मारतो आणि श्लेष्मात शिरून अस्तराला चिकटतो. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, अशी वैद्यकाची जुनी समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांत हे जंतू पुन्हा पुन्हा दिसत होते. त्यांचे सहकारी डॉक्टर बॅरी मार्शल ते प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा फेकून दिल्या जात. 1982 साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेला दिसला. तरीही लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा 1984 मध्ये मार्शल यांनी जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन पाहिले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात जठरशोथ सापडला. दोघांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू राहतो. त्याने अस्तराला दाह जवळपास सगळ्यांनाच होतो, पण बहुतेकांना त्रास मात्र काहीच जाणवत नाही.

दुसरे मोठे कारण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. या गोळ्या दुखणे थांबवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन रोखतात आणि त्याच वेळी जठराचे कवचही काढून घेतात. हा परिणाम रक्तातून होतो. म्हणून आवरण दिलेली गोळी किंवा तेच औषध इंजेक्शनने घेतले तरी जठर सुरक्षित राहते असे नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आत्मप्रतिकार जठरशोथ त्या मानाने कमी आढळतो, पण तो ओळखायला फार उशीर होतो. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. त्याच पेशी ब-12 जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारे प्रथिनही बनवतात. त्यामुळे पोटाची तक्रार नसतानाही रुग्णाला थकवा, रक्तक्षय आणि पायांना मुंग्या येणे असा त्रास होतो. याखेरीज अतिमद्यपान, जठरात उलट येणारा पित्तरस, तसेच मोठे भाजणे किंवा डोक्याला गंभीर मार यांसारखे आजारही अस्तर सोलवटतात. तिखट खाण्याने किंवा काळजीने जळजळ वाढू शकते, पण या दोन गोष्टी जठरशोथाचे मूळ कारण नव्हेत. 'तुम्हीच खाण्यापिण्याचे पथ्य पाळले नाही' हा ठपका अनेक रुग्ण विनाकारण सोसतात.

बेंबीच्या वर दुखणे, आग पडणे, मळमळ, दोन घासांतच पोट भरणे ही लक्षणे जठरशोथात दिसतात. पण अस्तर निरोगी असतानाही ती असू शकतात. म्हणून निव्वळ लक्षणांवरून निदान पक्के होत नाही. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, दिसणारी लालीही पुरेशी नाही. जठराच्या वेगवेगळ्या भागांतून चिमटीने घेतलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. जंतू शोधण्यासाठी श्वासाची चाचणी सोपी पडते. खास कार्बन असलेला युरिया प्यायला देतात. पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन उच्छ्वासात सापडतो. विष्ठेची तपासणीही तितकीच उपयोगी. मात्र त्याआधी दोन आठवडे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी औषधे आणि चार आठवडे प्रतिजैविके डॉक्टरांना विचारून थांबवावी लागतात, नाहीतर जंतू असूनही अहवालात 'नाही' येतो.

उपचार कारणावर ठरतो. जंतू असेल तर आम्लरोधकासह दोन किंवा अधिक औषधांचा साधारण 14 दिवसांचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, तर उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. क्रम संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का, हे पुन्हा तपासावे. बहुतेक जण नेमके हेच टाळतात. ओमेप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी, कारण जठराच्या पेशींतले, जेवणाने जागे झालेले आम्लाचे पंपच ती बंद करू शकते. ती अनेक महिने घेऊन एकदम थांबवली, तर काही आठवडे आम्ल उसळून वर येऊ शकते. तो मूळ रोग परतल्याचा पुरावा नव्हे.

जंतू दशकानुदशके राहिला तर काहींत अस्तर झिजते, त्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात आणि थोड्या जणांत पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या जंतूला कर्करोगकारक ठरवले.

डांबरासारखी काळी, चिकट शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारे वजन किंवा घास अडकणे यांपैकी काही दिसले तर तपासणी लांबवू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि पोटाच्या वरच्या भागातल्या जळजळीसोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर जठराचा विचार नंतर; आधी ईसीजी काढावा.