वळिवड्याची छावणी आणि नागरिकत्वाची वाट

लग्नाचा बस्ता म्हटलं की कोल्हापूरकरांची पावलं आपसूक गांधीनगरकडे वळतात. ही कापडपेठ जिथे उभी राहिली, तिथे 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या निर्वासितांची वळिवडे छावणी होती. 1940 पासून सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि आसपासच्या मुलखात हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. वळिवड्यात सुमारे 5 हजार जण राहिले, त्यांत बाया-मुलंच जास्त. शाळा भरत, चर्चमध्ये प्रार्थना होई. युद्ध संपल्यावर बहुतेक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पोलंड असे पांगले. मग त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि कायमची इथली झाली.

तेव्हा भारतीय नागरिकत्व अस्तित्वातच नव्हतं. कोल्हापूर संस्थानातले लोक महाराजांची प्रजा, आणि 1926 चा नॅचरलायझेशनचा, म्हणजे परकीयांना प्रजा करून घेण्याचा, कायदा होता ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला राज्यघटनेची नागरिकत्वाची कलमं लगोलग लागू झाली. बाकीची बहुतेक घटना जानेवारीपर्यंत थांबली होती. लाखो माणसं सीमा ओलांडत असताना हा प्रश्न ताटकळत ठेवणं शक्यच नव्हतं.

सिंधी कुटुंबांना आधार मिळाला तो राज्यघटनेच्या कलम 6 चा. स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी अखंड भारतात जन्मलेलं असावं, ही मूळ अट. 19 जुलै 1948 च्या आधी येऊन इथेच राहिलेले थेट नागरिक ठरले. त्यानंतर आलेल्यांना 6 महिने राहून अधिकाऱ्याकडे नोंदणी करावी लागली. घटनाकारांनी या माणसांना परके मानलं नाही. मला हे त्या घटनेतलं फार मोठ्या मनाचं पाऊल वाटतं.

ज्यांची अशी नाळ इथे नव्हती, त्यांच्यासाठी 1955 च्या नागरिकत्व कायद्यात कलम 6 आलं: स्वीकृतीने, म्हणजे नॅचरलायझेशनने मिळणारं नागरिकत्व. सुरुवातीला एकूण 5 वर्षांचं वास्तव्य पुरे होतं. 1986 च्या दुरुस्तीने ते 10 वर्षं झालं, 2003 च्या दुरुस्तीने 12. त्यातलं अर्जाआधीचं अखेरचं वर्ष सलग, आणि त्याआधीच्या 14 वर्षांत मिळून 11. आसामातल्या परकीयांविरोधी आंदोलनानंतर स्थलांतराबद्दलची धास्ती वाढत गेली, तिची छाया या आकड्यांवर आहे. 2019 च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांसाठी 11 ची 5 वर्षं केली. तिचे नियम मार्च 2024 मध्ये निघाले. धर्म पाहून मुदत कमी करणं मला पटत नाही. दहा-बारा वर्षं इथे राबलेल्या प्रत्येकाला एकच माप हवं.

बाकी अटींपैकी भाषेची अट आपल्या जवळची. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली, म्हणजे मान्य भाषांच्या यादीतली, एक भाषा पुरेशी यायला हवी, आणि त्यात मराठी आहे. चांगल्या वर्तणुकीची खात्री पटवावी लागते, आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. मंजुरी केंद्र सरकारची; शेवटी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ. नागरिकत्व सुरू होतं ते प्रमाणपत्र दिल्याच्या दिवसापासून. त्याआधी परदेशात जन्मलेली लहान मुलं आईवडिलांबरोबर आपोआप नागरिक होत नाहीत, त्यांची नोंदणी वेगळी करावी लागते.