हिवाळ्यात उघडणारे रस्ते

उत्तर कॅनडातल्या येलोनाइफ शहराच्या जुन्या वस्तीतून खाली उतरलं की डांबर संपतं, पण रस्ता संपत नाही. तो तसाच पुढे तळ्यात शिरतो. फेब्रुवारीतली सकाळ होती, तापमान उणे ३१. भाच्यानं काठावर गाडी थांबवून पाटीवरचा वजनाचा आकडा वाचला आणि गाडी सरळ तळ्यावर घातली. थोडं आत गेल्यावर बाजूला थांबून म्हणाला, "मावशी, उतर आणि पायाखाली बघ. घाबरू नकोस, हा बर्फ ट्रक पेलतो."

पायाखाली काळी काच होती. त्या काचेत पांढऱ्या भेगा उभ्या खाली गेलेल्या, पडदे टांगावेत तशा. एका भेगेचा पडदा नजरेनं खालपर्यंत मोजला, तर तो माझ्या कमरेइतका खोल भरला. तिथे बर्फ संपत होता. त्याखाली ग्रेट स्लेव्ह लेकचं पाणी. हे तळं सुमारे २७,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे त्यात सात गोवे मावतील. काही ठिकाणी ते ६१४ मीटर खोल आहे. उत्तर अमेरिकेत याहून खोल तळं नाही.

आम्ही निघालो होतो देट्टाहला. डेने आदिवासींचं हे छोटं गाव खाडीच्या पलीकडच्या काठावर आहे. बर्फावरून जेमतेम साडेसहा किलोमीटर. उन्हाळ्यात मात्र तळ्याला वळसा घालून २७ किलोमीटर जावं लागतं. कॅनडा बघायचा तर उन्हाळ्यात, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. पण या देशाचा उत्तर भाग म्हणजे खडक, दलदल आणि मोजता येणार नाहीत इतकी तळी. उन्हाळ्यात तिथे पाऊल टाकायला जमीन नसते. हिवाळा आला की पाण्याची जमीन होते. आपल्याकडे पावसाळ्यात घाट बंद पडतात. इथे थंडीनं रस्ते उघडतात. म्हणून मी म्हणते, उत्तर कॅनडा बघायचा तर हिवाळ्यातच.

हे सगळं पाण्याच्या एका विचित्र सवयीमुळे होतं. कुठलाही द्रव थंड होताना आक्रसतो आणि जड होतो. पाणीही तसंच करतं, पण फक्त ४ अंशांपर्यंत. त्याखाली ते पुन्हा पसरायला लागतं आणि गोठताना तर एकदम नऊ टक्के फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली फ्रीजरमध्ये विसरली की तिचं काय होतं, हे आपण घरात बघतोच. त्यामुळे तळ्यात ४ अंशांचं जड पाणी तळाशी जातं, त्याहून थंड पाणी वर राहतं, आणि बर्फ वरूनच धरतो आणि तरंगतो. पाणी इतर द्रवांसारखं वागलं असतं तर तळी तळापासून गोठली असती, आणि खाली मासेही उरले नसते.

एकदा बर्फ धरला की तो जाड व्हायचा वेग हळूहळू मंदावतो, कारण तयार झालेला बर्फच खालच्या पाण्यावर पांघरूण घालतो. त्याहून उबदार पांघरूण वरून पडणाऱ्या भुसभुशीत हिमाचं. त्यात हवा अडकलेली असते, आपल्या गोधडीसारखी. म्हणून इथले रस्ता बांधणारे काहीही घालायच्या आधी हिम खरवडून काढतात. मग उघड्या पडलेल्या बर्फातून थंडी खाली उतरते आणि तो जाड होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर बर्फाला भोकं पाडून तळ्याचंच पाणी वर उपसतात आणि पसरून गोठवतात. थरावर थर.

किती जाडीला किती वजन, याचं गणित कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधले शास्त्रज्ञ लॉर्न गोल्ड यांनी १९७१ मध्ये मांडलं. ते इतकं सोपं आहे की मी वहीत लिहून ठेवलंय. बर्फाची जाडी सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि ४ नं गुणा. येईल तेवढे किलो वजन सांभाळून नेता येतं. १० सेंटीमीटरला ४०० किलो, २० सेंटीमीटरला १६०० किलो, एक मीटरला ४० टन. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते. मात्र हे स्वच्छ, निळसर-काळ्या बर्फाचं गणित. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ त्याच्या निम्माच धरतात.

देट्टाहचा रस्ता तसा घरगुती. खरा पल्ला येलोनाइफच्या पूर्वेला टिबिट तळ्यापासून सुरू होतो आणि उत्तरेकडे हिऱ्यांच्या खाणींपर्यंत जातो. तो सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता दरवर्षी नव्यानं बांधावा लागतो, आणि त्यातला बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून जातो. जानेवारीअखेर ते मार्चअखेर, एवढंच त्याचं आयुष्य. तेवढ्यात खाणींचं वर्षभराचं डिझेल, सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग सगळं पोचवायचं. एवढी घाई असूनही भरलेल्या ट्रकना ताशी २५ किलोमीटरपेक्षा जोरात जायला बंदी आहे.

बर्फ निसरडा म्हणून बंदी असेल, असंच मला वाटलं होतं. कारण निराळंच निघालं. नवारीच्या खाटेवर आपण बसलो की नवार खाली झोळ धरते, तसा ट्रकखाली बर्फ किंचित वाकतो. ट्रक पुढे सरकला की झोळही सरकतो, आणि बर्फाखालचं पाणी ढकललं जाऊन लाट उठते. वरून काही दिसत नाही, पण ट्रकबरोबर ती लाट चालत असते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. सहा मीटर खोलीला तो ताशी २८ किलोमीटरच्या आसपास येतो. ट्रक नेमका त्याच वेगानं धावला तर लाटेला पुढे सटकता येत नाही. ती ट्रकच्या चाकांखालीच वाढत राहते आणि बर्फ फोडते. काठाजवळ धोका सर्वांत जास्त, कारण तिथे पाणी उथळ असतं आणि लाट काठावर आपटून परतही येते. हे कळल्यावर देट्टाहला पोचेपर्यंत मी स्पीडोमीटरवरची नजर काढली नाही.

या रस्त्यांवर किती गोष्टी अवलंबून आहेत ते ऋतू बदलताना दिसतं. २०१२ मध्ये मॅकेंझी नदीवर देह चो पूल झाला. तोवर येलोनाइफला येणारे ट्रक उन्हाळ्यात फेरीबोटीतून आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून येत. मधले काही आठवडे बोट चालण्याइतकं पाणी नसे आणि ट्रक पेलण्याइतका बर्फ नसे. मग दूध-भाजी विमानानं यायची आणि भाव चढायचे. पुलानं ती अडचण मिटली, पण बर्फावरच्या बाकी रस्त्यांसाठी तो अधांतरीचा काळच आता लांबायला लागलाय. २००६ चा हिवाळा उबदार गेला, खाणींचा रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेलं डिझेल विमानांनी न्यावं लागलं. दक्षिणेला ओटावात रिडो कालव्यावर हिवाळ्यात ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट तयार होते. लोक तिच्यावरून कचेरीत जातात, पोरं शाळेत जातात. १९७०-७१ पासून दरवर्षी उघडणारी ती वाट २०२२-२३ च्या हिवाळ्यात एक दिवसही उघडली नाही. बर्फ धरलाच नाही पुरेसा. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. या प्रवासानंतर जास्तच वाटतं.

थंडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण जाणाऱ्याला पहिली भीती तिचीच असते. नुसती थंडी सोसते. वारा सोसत नाही. आपल्या अंगाभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो, तो वारा सतत ओढून नेतो. उणे ३० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ४६ सारखं लागतं, आणि पाच-दहा मिनिटांत नाक-कान बधिर होऊन हिमदंश होऊ शकतो. सुती कपडे नकोतच. घाम धरून ठेवतात आणि मग तोच घाम आपल्याला गारठवतो. आत लोकर, वर वारा अडवणारा थर, आणि मोबाइल अगदी आतल्या खिशात, कारण थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तो बघता बघता मान टाकतो. गाड्यांचं तेलसुद्धा घट्ट होतं, म्हणून इथे प्रत्येक गाडीच्या पुढून विजेची वायर लोंबत असते. रात्री ती प्लगला लावून इंजिन ऊबेत ठेवतात.

रात्री आम्ही पुन्हा तळ्यावर आलो. गाडीचे दिवे मालवले. पायाखाली हिम कर्र-कर्र वाजत होतं. थंडी इतकी कडक असली की दाबानं हिमाचे कण वितळत नाहीत, मोडतात, आणि तो आवाज त्या मोडण्याचा. दहा-पंधरा मिनिटं काहीच दिसेना. मग उत्तरेला एक फिकट पट्टा उमटला, धुरासारखा. मला तो ढग वाटला. भाचा म्हणाला, "मावशी, ढग असता तर मागचे तारे दिसले नसते." आणि बघता बघता तो पट्टा हिरवा झाला, त्याच्या चुण्या पडल्या आणि वाऱ्यावरच्या साडीसारखा तो आभाळभर हलायला लागला.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या वाऱ्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळलं जातं, आणि त्यातले इलेक्ट्रॉन ध्रुवांभोवतीच्या एका कड्यात वातावरणावर आदळतात. येलोनाइफ बरोबर त्या कड्याखाली आहे. हिरवा रंग ऑक्सिजनचा, साधारण शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवरचा. धक्का बसलेला ऑक्सिजनचा अणू पाऊणएक सेकंदात हिरवा प्रकाश टाकतो. लाल प्रकाश टाकायला मात्र त्याला जवळपास दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत एवढा वेळ त्याला कोणी देत नाही. शेजारचा रेणू धडकून ती ऊर्जा काढून घेतो. म्हणून लाल रंग दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच दिसतो. २०२४ च्या मे महिन्यात लडाखमधल्या हानले इथून आभाळात लाली दिसली होती, तीही याच कारणानं. खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहिला आणि सर्वांत उंच भाग तेवढा आपल्या वाट्याला आला.

मी मान वर करून बघत असतानाच तळ्याच्या मध्याकडून आवाज आला. टिऊऊऊ. ताणलेल्या तारेवर कोणी टिचकी मारावी तसा, उंच सुरात सुरू होऊन खाली घसरत गेलेला. माझ्या काळजाचा ठोका चुकला. भाच्यानं माझा दंड धरला आणि समजावलं. रात्री थंडी वाढते, बर्फ आक्रसतो आणि कुठेतरी लांब भेग पडते. भेगेचा आवाज सगळ्या सुरांचा मिळून एकच असतो. पण बर्फाच्या पातळ पत्र्यातून उंच सूर जोरात धावतात आणि खालचे मागे रेंगाळतात. जितक्या दूर भेग, तितके ते सुटे होत येतात. आपल्याला ऐकू येते ती त्यांच्या पोचण्याची रांग.

"कोरडी भेग आहे, पाणी वर येत नाही, काळजी नको," तो म्हणाला. मग तेवढ्या थंडीत त्यानं टोपी कानांवरून वर सरकवली आणि पुढचा आवाज यायची वाट बघत उभा राहिला.