अर्थतज्ज्ञाचे शिक्षण व कारकीर्द (मराठवाडा)

अर्थशास्त्रात किमान पदव्युत्तर पदवी घेऊन अध्यापन, संशोधन, शासकीय सांख्यिकी, बँकिंग किंवा धोरणनिर्मिती यांपैकी एखाद्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीला सामान्यतः अर्थतज्ज्ञ म्हणतात. वैद्यकी किंवा वकिलीसारखी या व्यवसायाला सनद लागत नाही. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जे ‘अर्थतज्ज्ञ’ बोलतात त्यांत करसल्लागार आणि व्यापारी संघटनांचे पदाधिकारीही असतात. प्रस्तुत नोंद मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून या व्यवसायात जाण्याची वाट, तिच्यावरचे अडथळे आणि या प्रदेशातील क्षेत्रीय संशोधनाची पद्धत यांपुरती आहे.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्याला पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मिलिंदचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले अर्थतज्ज्ञ होते. १९२३ मध्ये त्यांना मिळालेली डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे जिल्हे पहिल्याकडे, तर नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली दुसऱ्याकडे आहेत. कृषी अर्थशास्त्राची वाट निराळी आहे. ती परभणीच्या कृषी विद्यापीठातून (स्थापना १९७२) बी.एस्सी. कृषी, एम.एस्सी. कृषी अशी जाते.

गणिताची तूट. या वाटेवरचा सर्वांत मोठा खड्डा अकरावीत आहे. दहावीनंतर कला शाखेत गेलेल्या विद्यार्थ्याचे गणित तिथेच सुटते. नियमाने हा विषय कला शाखेलाही घेता येतो, पण तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेच्या वेळापत्रकात तो क्वचितच असतो. पुढे बी.ए.ला मागणीची लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) आकृती काढून शिकवली जाते, अवकलन करून नाही. परीक्षेत ‘टीपा लिहा’ आणि ‘सविस्तर चर्चा करा’ असे प्रश्न आले की आकृतीवर भागते. खरी अडचण एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेत दिसते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अर्थशास्त्र पदव्युत्तर प्रवेशात गणिताची कसोटी लागतेच. मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) आणि पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था (१९३०) येथेही गणित कच्चे असलेला विद्यार्थी मागे पडतो.

ही तूट पदवीच्या पहिल्या वर्षीच भरायला घ्यावी. अकरावी-बारावीच्या गणितातून फलन, सीमा, अवकलन, महत्तम-लघुतम मूल्ये, आव्यूह (मॅट्रिक्स) आणि संभाव्यता एवढे प्रकरणवार सोडवून काढले की पाया होतो. त्यानंतर दोन चलांचे अंशतः अवकलन, बंधनासह महत्तमीकरण, गृहीतकांची चाचणी आणि समाश्रयण (रिग्रेशन). रोज दोन तास दिले तर दीड वर्ष लागते. अनेक जण एम.ए.ला गेल्यावर सुरुवात करतात आणि अर्थमितीच्या (आर्थिक आकडेवारीच्या सांख्यिकी विश्लेषणाच्या) पहिल्याच सत्रात अडतात. कागदावर बारावी गणित हवेच असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून हा एकच विषय घेऊन परीक्षा देता येते.

दुसरी तूट भाषेची आहे. विषय मराठीतून समजलेला असतो आणि त्यात काहीच वावगे नाही, उलट ती जमेची बाजू आहे. परंतु भारतीय आर्थिक सेवेची उत्तरपत्रिका इंग्रजीतच लिहावी लागते आणि संशोधन नियतकालिकेही बहुतेक इंग्रजी असतात. पाठ केलेले उतारे इथे कामाला येत नाहीत. आठवड्याला एक लेख वाचून त्याचा सारांश दोनशे शब्दांत लिहायची सवय वर्षभरात फरक पाडते.

जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांतील एम.ए. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून होतात: ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. नांदेड-देगलूरकडच्या विद्यार्थ्याला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते, तरी घरातून पुण्याचेच नाव निघते.

या प्रदेशातून गेलेल्या कारकिर्दींत प्रा. सुखदेव थोरात यांची ठळक आहे. विदर्भात जन्मलेले थोरात मिलिंद महाविद्यालयात बी.ए. आणि मराठवाडा विद्यापीठात एम.ए. झाले. औरंगाबादच्या वसंतराव नाईक महाविद्यालयात काही वर्षे शिकवल्यावर ते जेएनयूत गेले. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. दलित व मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. भेदभाव मोजण्याची ही पद्धत आता अभ्यासक्रमांत शिकवली जाते.

नेट, सेट व पीएच.डी. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा आवश्यक आहे. नेटमध्ये पहिल्या पत्रिकेत ५० आणि दुसरीत १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, वेळ ३ तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पहिली पत्रिका सर्व विषयांना सारखीच असते आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष करून थोड्या गुणांनी राहतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये (२०२३ पासूनचा दर) मिळतात. ती न मिळालेल्यांना त्या त्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या असतात. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहेत.

प्रबंध फसतो तो बहुधा शीर्षकातच. ‘अमुक जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास’ या शीर्षकात प्रश्नच नाही. त्यामुळे शेवटी टक्केवारीची शंभर कोष्टके आणि ‘शासनाने लक्ष द्यावे’ अशा शिफारशी एवढेच उरते. ‘ऊसतोडीची उचल फिटायला किती हंगाम लागतात आणि ते कशावर ठरते’ हा प्रश्न आहे (उचल म्हणजे हंगामाआधी मजुराने घेतलेली आगाऊ रक्कम). त्याला उत्तर असू शकते आणि ते चूकही ठरू शकते.

गावपाहणी. हैदराबाद राज्यात १९२९-३० मध्ये केशव अय्यंगार यांनी केलेल्या आर्थिक पाहण्यांपासून या प्रदेशात गावपाहणीची परंपरा आहे. पद्धत पाठ्यपुस्तकातलीच: गावे निवडणे, घरांची पूर्ण यादी करणे, यादृच्छिक नमुना काढणे, वीस-पंचवीस घरांत प्रश्नावली तपासून पाहणे, मग मुख्य पाहणी. मराठवाड्यात ती बिघडण्याची कारणे मात्र खास इथली आहेत.

पहिले कारण हंगाम. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे कोयते ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल कोयत्यामागे मिळते.) जानेवारीत पाहणी केली तर यादीतल्या घराला कुलूप किंवा दारात म्हातारी आणि नातवंडे. पाहणी करणारा शेजारचे उघडे घर घेतो. उघडे घर बागायतदाराचे किंवा नोकरदाराचे असते, आणि गावातली गरिबी कागदावर आपोआप कमी होते. बंद घर बदलू नये. त्याची नोंद ठेवून मे महिन्यात पुन्हा जावे. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, म्हणून मजुरीचे प्रश्न विचारताना चालू साल की गेले साल हे आधी ठरवून घ्यावे लागते.

दुसरे कारण कुटुंबाची व्याख्या. सातबारा बापाच्या नावावर, वाटणी तोंडी झालेली, फेरफार झालेला नाही आणि तीन भावांच्या तीन चुली. सातबाऱ्यावरून यादी केली तर १२ एकरांचा एक शेतकरी दिसतो. चुलीवरून केली तर ४ एकरांचे तीन. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरतात, तेच धरावे. क्षेत्र लोक एकर-गुंठ्यांत सांगतात (४० गुंठे म्हणजे एकर), सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. रूपांतर घरी आल्यावर करावे, बांधावर नाही.

तिसरे बटई. मालक जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरीव रकमेवर) दिल्याचे कबूल करत नाही. मराठवाड्याला लागू असलेल्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० मुळे कूळ लागेल ही धास्ती अजून गेलेली नाही. हा प्रश्न मालकाऐवजी कसणाऱ्याला विचारावा, तोही ‘यंदा किती एकर पेरले, त्यातले घरचे किती’ असा.

चौथे कर्ज. ‘तीन रुपये शेकडा’ म्हणजे दरमहा तीन टक्के, वर्षाला सरळव्याजाने ३६. प्रबंधांतून ते सर्रास ‘व्याजदर ३ टक्के’ असे उतरते आणि सावकार जिल्हा बँकेपेक्षा स्वस्त ठरतो. कोष्टक तपासणाऱ्याच्याही हे लक्षात येत नाही, हे जास्त चिंतेचे.

पीक उत्पादन पोत्यांत सांगितले जाते. पोत्याचे वजन घरागणिक बदलते, त्यामुळे मोंढ्यातली आडत्याची पट्टी पाहावी. तिच्यावर क्विंटल, भाव, हमाली, तोलाई सगळे असते.

उत्पादनखर्चाच्या संकल्पना नीट कळल्याशिवाय शेतीवर लिहू नये. एक कल्पित उदाहरण: एक एकर सोयाबीन, उतारा ७ क्विंटल. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी असा पदरचा खर्च १७,००० रुपये (ए-२). घरच्या माणसांच्या कामाचे मोल ४,००० (एफएल). स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याज ११,००० धरले की एकूण ३२,००० (सी-२). क्विंटलचा खर्च अनुक्रमे २,४२९, ३,००० (ए-२ + एफएल) आणि ४,५७१ रुपये येतो. मोंढ्यात भाव ४,३०० मिळाला तर पहिल्या दोन हिशेबांनी हा शेतकरी नफ्यात, तिसऱ्याने तोट्यात. केंद्र शासन हमीभाव ए-२ + एफएलच्या दीडपट धरते, शेतकरी संघटना सी-२ च्या दीडपट मागतात. दोघांची आकडेमोड बरोबरच असते. कोणता खर्च धरला हे न सांगता ‘दीडपट भाव’ लिहिणे एवढीच चूक.

स्वतः पाहणी न करता राष्ट्रीय नमुना पाहणीची घरनिहाय आकडेवारी संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येते. तिच्यात मराठवाडा ‘इनलँड सेंट्रल’ या विभागात मोडतो. विभागाचा अंदाज ग्राह्य असतो. हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्याचा काढायला गेल्यास नमुन्यातली घरे फार थोडी निघतात. भारांक (नमुन्यातले एक घर किती घरांच्या वतीने आहे तो आकडा) न लावता सरासरी काढणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

अनुशेष. मराठवाड्यातील सार्वजनिक चर्चेत अर्थतज्ज्ञाचे काम सर्वाधिक दिसले ते इथे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजायचे आणि ती तूट भरण्याचा खर्च रुपयांत मांडायचा, अशी तिची रीत होती. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पैसा उशिरा आणि तुटक मिळाल्याने तेवढ्या रकमेत तेवढे काम होईना, शिवाय पुढारलेले जिल्हे दरम्यान आणखी पुढे गेले. म्हणून आर्थिक (रुपयांतला) अनुशेष संपल्याचे सांगितले जाई तेव्हाही भौतिक (प्रत्यक्ष कामांचा) अनुशेष उरलेलाच असे. घटनेच्या कलम ३७१(२) नुसार १९९४ मध्ये आलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मध्यंतरी विजय केळकर समितीने २०१३ मध्ये प्रादेशिक समतोलाचा पुन्हा हिशेब मांडला.

नोकऱ्या. वरिष्ठ महाविद्यालयातील कायम जागा हे बहुतेकांचे लक्ष्य असते आणि भरती रखडत असल्याने बहुतेक जण तासिका तत्त्वावर अडकतात. तिथे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर मिळते, सुट्यांचे मिळत नाही आणि नेमणूक दरवर्षी नव्याने होते. तिथे राहायचेच तर सोबत काय करणार हे आधी ठरवलेले बरे. कनिष्ठ महाविद्यालयाला एम.ए.सोबत बी.एड. लागते. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक अशी पदे असतात. त्याच्या जिल्हा कार्यालयातून निघणारे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ स्थानिक अभ्यासकाचे पहिले साधन आहे. नाबार्डचा जिल्हा विकास व्यवस्थापक दरवर्षी जिल्ह्याचा संभाव्यतायुक्त कर्ज आराखडा तयार करतो. या पदाकडे जाणारी वाट नाबार्डच्या सहायक व्यवस्थापक परीक्षेतून सुरू होते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक धोरण व संशोधन विभागात ब श्रेणी अधिकाऱ्यांची स्वतंत्र भरती होते.

भारतीय आर्थिक सेवा १९६१ मध्ये स्थापन झाली. केंद्रीय लोकसेवा आयोगाची ही परीक्षा २१ ते ३० वयोगटातील अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी आहे: सामान्य इंग्रजी व सामान्य अध्ययन प्रत्येकी १००, सामान्य अर्थशास्त्राच्या तीन व भारतीय अर्थव्यवस्थेची एक अशा चार पत्रिका प्रत्येकी २००, मुलाखत २००. अलीकडे जागा वर्षाला वीसच्या आसपास असतात. सामान्य अर्थशास्त्राच्या पहिल्या पत्रिकेत गणिती, सांख्यिकी व अर्थमितीय पद्धतींचा स्वतंत्र भाग आहे. राज्यसेवेची तयारी करणारे अनेक जण ‘अर्थशास्त्र झालेलेच आहे’ म्हणून हा अर्ज भरतात आणि त्या भागाचे प्रश्न कोरे ठेवून येतात.