स्वक्षमता-विश्वास (कामाच्या ठिकाणचा)

स्वक्षमता-विश्वास : समोर आलेले ठरावीक काम आपल्याला जमेल, अशी कर्मचाऱ्याला स्वतःबद्दल वाटणारी खात्री. मराठीत यासाठी ‘स्वकार्यक्षमता’, ‘स्व-परिणामकारकता’ असे शब्दही वापरले जातात, पण त्यांनी थोडा घोटाळा होतो. माणूस प्रत्यक्ष किती काम उरकतो याच्याशी या संकल्पनेचा थेट संबंध नाही. ते आपल्या हातून होईल असे त्याला कितपत वाटते, एवढेच तिच्यात पाहिले जाते. सारखेच कौशल्य असलेल्या दोघांपैकी एकजण नवे यंत्र हाती घेतो आणि दुसरा ‘साहेब, मला नका देऊ’ म्हणून मागे सरतो, तेव्हा बहुतेक वेळा फरक या खात्रीचा असतो.

ही संकल्पना कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ साली मांडली. तिचा उगम कारखान्यातला नाही. सापाची अतोनात भीती असलेल्या लोकांवरच्या उपचारांतून ती आली. दुसऱ्याला साप हाताळताना नुसते पाहणाऱ्यांपेक्षा, मदतीने का होईना पण स्वतः साप हाताळलेल्यांचा ‘मला जमेल’ हा विश्वास अधिक वाढलेला दिसला. कामाच्या ठिकाणाबद्दल पुढे जे काही कळले, त्याचे बीज या निरीक्षणात आहे.

आत्मविश्वास किंवा आत्मसन्मान यांहून हा विश्वास वेगळा, कारण तो कामागणिक बदलतो. ताळेबंदातली चूक चटकन हेरणारी लेखापाल त्याच आकड्यांवर संचालकांपुढे दहा मिनिटे बोलायचे म्हटले की आदल्या रात्री झोपत नाही. म्हणूनच बंडुरांनी त्याच्या तीन बाजू सांगितल्या : किती अवघड कामापर्यंत तो टिकतो, तो किती पक्का आहे आणि किती प्रकारच्या कामांना पुरतो. मोजतानाही ‘हे काम तुम्ही करू शकाल याची खात्री ० ते १०० मध्ये किती?’ असे कामाचे नाव घेऊन विचारले जाते. सर्वसाधारण स्वक्षमतेच्या प्रश्नावल्याही आहेत, पण नेमक्या कामाबद्दल काही ठरवायचे असेल तर त्यांचा उपयोग कमी.

हा विश्वास चार वाटांनी येतो, आणि त्यांत स्वतः करून जमल्याचा अनुभव सर्वांत बळकट. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात साध्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातण्याच्या यंत्रावर, वीस वर्षे काढलेला टर्नर सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांनी चालणाऱ्या यंत्रावर, आला की काय होते ते पाहावे. लेथवर हँडल फिरवताना टूल किती कातते आहे हे त्याच्या हाताला कळायचे, आवाजावरून धार गेल्याचे ओळखू यायचे. आता दार बंद, हात रिकामे, समोर पडदा. ऑफसेट, म्हणजे टूलची जागा यंत्राला सांगणारा आकडा, भरताना दशांश चिन्ह चुकले तर टूल थेट चकवर, म्हणजे धातूचा तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागावर, जाऊन आदळेल, ही धास्ती. पहिल्याच आठवड्यात त्याच्या गळ्यात पूर्ण सेटिंग टाकले आणि टूल आदळले, तर तो पुढे कितीतरी महिने नुसते जॉब (घडवायचे तुकडे) लावण्या-काढण्यापुरता उरतो. जाणता सुपरवायझर वेगळ्या क्रमाने जातो. आधी फक्त जॉब बदलणे. मग मायक्रोमीटरने माप घेऊन वेअर ऑफसेटमध्ये (टूलची झीज भरून काढणाऱ्या आकड्यात) दोन शतांश मिलिमीटरची दुरुस्ती स्वतः भरणे आणि पुढचा जॉब बरोबर उतरलेला पाहणे. मग जॉब न लावता ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम नुसता चालवून पाहणे, आणि नंतर सिंगल ब्लॉकवर प्रोग्रामची एकेक ओळ चालवत, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवून पहिला जॉब. यालाच आपण ‘हात बसणे’ म्हणतो. मात्र सगळे फार सोपे करून दिले तर मिळालेला विश्वास पहिल्या अपयशाला ढासळतो. अडचण येऊन ती निस्तरलेली असावी लागते.

दुसरी वाट, आपल्यासारख्या कोणाला तरी ते करताना पाहणे. यात ‘आपल्यासारख्या’ हा शब्द कळीचा आहे. कंपनीकडून आलेल्या तज्ज्ञ इंजिनिअरचे प्रात्यक्षिक पाहून टर्नरला वाटते, ‘त्यांचे काय, ते शिकलेले.’ शेजारच्या मशीनवरचा, त्याच्याच वयाचा, कालपर्यंत लेथवरच असलेला माणूस तेच करताना दिसला की धीर येतो. मॅरिलिन गिस्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संगणक-प्रशिक्षणाचा अभ्यास केला. त्यात स्वतःच्या गतीने धडे गिरवणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याला करताना पाहून शिकणाऱ्यांचा विश्वासही वाढला आणि कामही सरस झाले.

तिसरी वाट शब्दांची. कार्यालयांत सर्वाधिक भर हिच्यावर असतो, आणि एकटी ती सर्वांत तोकडी. ‘तुम्ही करू शकता’ हे ज्याला त्या कामातले कळते त्याने म्हटले तरच त्याला वजन येते. तरी वरिष्ठांच्या अपेक्षेची ताकद कमी लेखू नये. डोव्ह ईडन आणि अब्राहम शानी यांनी १९८२ मध्ये इस्रायली सैन्यातील १०५ प्रशिक्षणार्थींचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींमध्ये नेतृत्वाची मोठी क्षमता आहे, असे प्रशिक्षकांना सांगितले होते. ती नावे मुळात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. त्यांची कामगिरी खरोखरच इतरांहून चांगली झाली.

चौथी वाट शरीराची. छातीतली धडधड कोणी तयारीची खूण मानतो, कोणी ‘मला हे जमत नाही’ याचा पुरावा. सलग रात्रपाळ्यांनी थकलेल्या माणसाला स्वतःची क्षमताही कमी भासते. तेव्हा त्याला रजेची गरज असते, व्याख्यानाची नाही.

कामाची रचना यांतल्या प्रत्येक वाटेवर परिणाम करते. संशोधक शॅरन पार्कर यांना १९९८ मध्ये आढळले की, कामात निर्णयाचा वाव मिळाला आणि संस्थेत माहिती नीट पोहोचत राहिली, तर कर्मचाऱ्यांना ठरल्या कामापलीकडच्या जबाबदाऱ्याही पेलतील असे वाटू लागते. रॉबर्ट वुड आणि बंडुरा यांच्या १९८९ च्या प्रयोगात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी संगणकावरचा एक नकली उद्योग चालवला. निर्णयक्षमता उपजत असते असे ज्यांना सांगितले, त्यांचा विश्वास अडचणी येताच घसरत गेला. ती सरावाने येते असे ऐकलेल्यांचा टिकला. ‘याच्यात मुळातच ते नाही’ असे चारचौघांत बोलणारा साहेब किती नुकसान करतो, हे यावरून कळावे. काळजीपोटी होणारे नुकसान तर दिसतही नाही. बाईमाणूस आहे, वय झाले आहे, खेड्यातून आला आहे, म्हणून हलके काम दिले जाते. त्यात दुखावण्याचा हेतू नसतो, पण जमल्याचा अनुभव घेण्याची संधीच काढून घेतली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते, कोणाच्या वाट्याला कोणते काम येते याकडे लक्ष न देता प्रेरणेची शिबिरे भरवणे हा पैशाचा अपव्यय आहे.

कामगिरीशी असलेले नाते अलेक्झांडर स्टायकोविच आणि फ्रेड लुथान्स यांनी १९९८ मध्ये ११४ अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी सहसंबंध ०.३८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), कामे गुंतागुंतीची असली की मात्र तो उतरला. २००७ मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी बुद्धिमत्ता, स्वभाव, अनुभव हेही हिशेबात धरले, तेव्हा या विश्वासाचा स्वतंत्र वाटा बराच कमी उरला. जेफ्री व्हँकुव्हर यांनी तर एका तर्काच्या खेळात दाखवले की, खात्री वाढली की तोच माणूस पुढच्या डावात गाफील होऊन अधिक चुका करू शकतो. म्हणून या संकल्पनेवर हवा तेवढाच भार टाकावा. माणसे कमी आहेत, सुटे भाग वेळेवर येत नाहीत, अशा ठिकाणी ‘आपला विश्वास वाढवा’ असे सांगणे हा कर्मचाऱ्यांवर अन्याय आहे.

नीट वापरली तर ती किती साध्या गोष्टीत कामी येते, याचे उदाहरण गैरहजेरीचे आहे. कॉलेट फ्रेन आणि गॅरी लॅथम यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील ४० सरकारी कामगारांपैकी निम्म्यांना प्रशिक्षण दिले : कामावर येण्यात अडथळे कोणते, त्यांतून वाट कशी काढायची, स्वतःचे उद्दिष्ट कसे ठरवायचे आणि हजेरीची नोंद स्वतःच कशी ठेवायची. ‘अडचण आली तरी मी कामावर पोहोचेन’ ही खात्री वाढली आणि हजेरीही. सहा व नऊ महिन्यांनंतरच्या पाहणीतही हा फरक टिकून होता. ज्यांना आधी प्रशिक्षण मिळाले नव्हते त्यांनाही मग ते देण्यात आले, आणि तेही अधिक नियमित कामावर येऊ लागले.