बर्ड फ्लू माणसांत अजून का पसरला नाही?

हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची १८ जणांना लागण झाली आणि त्यांतले ६ दगावले. कोंबड्यांचा हा रोग थेट माणसाच्या जिवावर उठू शकतो, हे तेव्हा प्रथमच लख्खपणे दिसले. तिथल्या सुमारे १५ लाख कोंबड्या मारून टाकल्यावर ती साथ आटोक्यात आली. २००३ पासून जागतिक आरोग्य संघटनेकडे या विषाणूच्या ९०० हून अधिक रुग्णांची नोंद झाली असून त्यांतले जवळपास निम्मे मरण पावले आहेत. सौम्य आजार झालेले बरेच जण तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यामुळे मृत्यूचे खरे प्रमाण याहून कमी असणार. तरीही प्रश्न उरतोच: इतका घातक विषाणू दोन दशकांत जेमतेम काहीशे माणसांपर्यंतच का पोहोचला?

याचे उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर आहे. आपल्या पेशींवर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला सायलिक आम्लाचा रेणू असतो. फ्लूच्या विषाणूवरचे हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन याच रेणूला धरून पेशीत शिरते. मात्र हा रेणू साखळीला दोन प्रकारे जोडलेला असू शकतो. पक्ष्यांच्या आतड्यांत आणि श्वसनमार्गात एका प्रकारची जोडणी आढळते, तर माणसाच्या नाकात, घशात आणि श्वासनलिकेत प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारची. पक्ष्यांच्या विषाणूची पकड पहिल्या जोडणीवर घट्ट बसते, दुसऱ्या जोडणीवर ती निसटते. पक्ष्यांसारखी जोडणी माणसात सापडते ती फुप्फुसाच्या पार तळाशी, वायुकोशांच्या पेशींवर. आणि डोळ्यांच्या आवरणावर.

म्हणूनच लागण होण्यासाठी सहसा विषाणूंचा मोठा मारा खोलवर पोहोचावा लागतो. आजारी कोंबडी कापताना, तिची पिसे काढताना किंवा विष्ठेची धूळ उडत असलेल्या खुराड्यात काम करताना असे घडते. एकदा तळाशी पोहोचल्यावर मात्र तो वायुकोशांच्या पेशी फोडत सुटतो, रोगप्रतिकारक यंत्रणा बेभान होऊन संदेशवाहक प्रथिनांचा पूर सोडते, आणि जिथे हवा असायला हवी तिथे पाणी भरते. रुग्ण गुदमरतो तो बहुधा विषाणू आणि ही अतिरेकी प्रतिक्रिया या दोहोंमुळे. गंमत अशी की विषाणूचे जे खोलवर जाणे रुग्णाला मारते, तेच इतरांना वाचवते, कारण घशात विषाणू फारसा नसल्यामुळे खोकल्या-शिंकेतून तो बाहेर पडत नाही.

कोंबड्यांच्या बाबतीत गोष्ट निराळी आहे. हिमॅग्लुटिनिन कामाला लागण्यापूर्वी एका विकराने (एन्झाइमने) त्याचे दोन तुकडे करावे लागतात. सौम्य प्रकारांत हे काम करणारी विकरे फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. पण अतिघातक प्रकारांत कापण्याच्या जागी काही जादा अमिनो आम्ले आलेली असतात, आणि मग शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असणारे फ्युरिन हे विकर ते तुकडे करू शकते. त्यामुळे मेंदूपासून हृदयापर्यंत सर्व अवयव एकाच वेळी ग्रासले जातात आणि अख्खा कळप एकदोन दिवसांत आडवा होतो. रानबदके मात्र हाच विषाणू पोटात बाळगून अनेकदा धडधाकट उडत राहतात, आणि विष्ठेवाटे तो तळ्यांमध्ये सोडत जातात.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ आढळला, तेव्हा तज्ज्ञही चकित झाले. गाईच्या कासेत पक्ष्यांसारखी जोडणी असते, आणि तिथे विषाणू इतका वाढला की दूधच संसर्गाचे साधन बनले. पाश्चरायझेशनने तो मरतो, कच्च्या दुधात मात्र टिकून राहतो. गोठ्यांतल्या ज्या कामगारांना लागण झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांचे फक्त डोळे आले. दूध काढताना उडालेला थेंब आणि डोळ्यावरची ती जोडणी लक्षात घेतली, तर याचे आश्चर्य वाटू नये.

काळजी आहे ती विषाणूच्या बदलत्या स्वभावाची. हिमॅग्लुटिनिनमधले मोजके बदल त्याची पकड माणसाच्या घशाकडे वळवू शकतात. पीबी२ या प्रथिनातला ६२७ व्या जागेवरचा एक बदल त्याला सस्तन प्राण्यांच्या पेशींत जोमाने वाढू देतो. शिवाय त्याची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच पेशीत शिरले तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात. १९५७ आणि १९६८ च्या महासाथींचे विषाणू अशाच सरमिसळीतून जन्मले होते.

कुक्कुटपालन आणि गोठ्यांत काम करणाऱ्यांना दरवर्षीची नेहमीची फ्लूची लस घ्यायला सांगतात, ती याचसाठी. ती एच५एन१ पासून वाचवत नाही. पण त्यांना साधा फ्लू होण्याची आणि दोन्ही विषाणूंची एकाच शरीरात गाठ पडण्याची शक्यता कमी करते.